बद्रीनाथची दहा मिनिटं

बद्रीनाथ आयुष्यात कधी उशिरा पोचला नाही, आणि याचा त्रास त्याच्याखेरीज सगळ्यांना झाला. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत तो सव्वीस वर्षं कारकून. घरातलं, मनगटावरचं, ऑफिसच्या भिंतीवरचं, अशी त्याची सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढं. कॉम्प्युटर आपली वेळ आपणच दुरुस्त करून घेतो हे कळल्यावर त्यानं ती सोय बंद केली आणि त्यालाही दहा मिनिटं पुढं नेऊन ठेवलं. नमुने घ्यायची खिडकी तो पाचच्या ठोक्याला लावी. ठोका अर्थात त्याचा.

यंदा कंपनीनं सर्व्हर शेजारच्या खोलीतून हलवून पुण्याला नेला. सोमवारपासून बद्रीनाथच्या पडद्यावर एकच वाक्य येऊ लागलं: सर्व्हरशी जोडणी होऊ शकली नाही. बियांच्या उगवणीचे निकाल सर्व्हरवर चढवायची मुदत गुरुवारी पाचपर्यंत. राहिला होता एकच, धावडा गावच्या गोपिकाबाईंच्या मिरचीच्या बियाण्याचा. शंभरातल्या सत्त्याऐंशी बिया उगवल्या होत्या, म्हणजे माल चोख. पण निकाल चढला नाही तर कंपनी ते बियाणं घेणार नव्हती. शेडनेटमध्ये एकेका फुलाला हातानं पराग लावून केलेलं वर्षाचं काम मातीत गेलं असतं.

गुरुवारी दुपारीच गोपिकाबाई येऊन बाकावर बसल्या. निकाल गेलेला डोळ्यानं बघूनच जाईन, म्हणाल्या.

बद्रीनाथनं काही करायचं ठेवलं नव्हतं. केबल बदलली, राउटर बंद करून चालू केला, पासवर्ड एकेक अक्षर तोंडानं म्हणत टाकला. सर्व्हरला हाक मारली तर तिकडून ओ येत होती. म्हणजे वाट चालू होती, दार तेवढं उघडत नव्हतं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते कळेना. शेवटी त्यानं पुण्याच्या सर्व्हर विभागातल्या अर्पिताला फोन लावला.

"काका, परत एकदा करून बघता?"

"सोमवारपासून तेच करून राह्यलो, मॅडम."

अर्पितानं तिकडच्या नोंदी चाळल्या. "तुमच्या कॉम्प्युटरवर किती वाजलेत?"

"चार अठ्ठावन्न."

"इथं चार अठ्ठेचाळीस आहेत."

"मंग तुमचं मागं हाय," बद्रीनाथ शांतपणे म्हणाला.

अर्पितानं समजावलं. दोन्हीकडच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की नवा सर्व्हर समोरच्याला तोतया समजतो आणि आत घेत नाही. जुना असलं काही बघतच नव्हता. चार दिवस काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता.

सव्वीस वर्षांत बद्रीनाथनं वेळ कधी मागं घेतली नव्हती. त्यानं दारातून बाकाकडं पाहिलं आणि कॉम्प्युटरचं घड्याळ दहा मिनिटं मागं केलं. जोडणी पहिल्या झटक्यात झाली. निकाल चढला तेव्हा पाचाला सहा मिनिटं कमी होती.

त्याला इतका आनंद झाला की तो नको ते बोलून गेला. "झालं, मावशी. आमचं घड्याळ दहा मिन्टं पुढं व्हतं, तेवढंच."

गोपिकाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"परसाल मी नमुना घेऊन आल्ते," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणले, पाच वाजून पाच मिन्टं झाले, खिडकी बंद. कंपनीनं माल घेतला न्हाई. मिरचीच्या बियाला जनावरबी तोंड लावत न्हाई. उकिरड्यावर टाकलं सगळं. आमचे मालक म्हणले, तूच उशीर केला. मीबी तसंच समजले." मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे मी टायमावर आल्ते."

बद्रीनाथला लाज वाटली. एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"टायमावरच आल्त्या, मावशी."

"मला नका सांगू," म्हणत त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला, नवऱ्याला लावला आणि बद्रीनाथच्या हातात दिला. पलीकडून रखमाजी दोनदा "हॅलो" म्हणाले.

बद्रीनाथ खुर्चीतून उभा राहिला. "रामराम, रखमाजीराव. परसाल मावशी टायमावर आल्त्या. खिडकी मीच आधी लावल्ती."