दिनानाथने न पाहिलेला समुद्र

दिनानाथला समुद्र बघायचा होता. चाळिशी आली, तरी इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावाहून मोठं पाणी त्याने पाहिलं नव्हतं. होळकर दरबार गेला, मध्यभारत आला, पण कचेरीत याचं टेबल तेच आणि खुर्चीही तीच मोडकी. शेवटी त्याने महिन्याची रजा टाकली, जुन्या बाजारातून पाठीवरचा फौजी थैला आणला आणि जाहीर केलं, "हिंदुस्थान बघून येतो!"

जाहीर केलं तिथेच फसला बिचारा. इंदूरच्या मराठी घरांत कोणी गावाला निघाला, की तो सगळ्यांचा टपालवाला. कोणी नागपूरच्या व्याह्यांसाठी शेव आणली, कोणी हैदराबादच्या भाच्यासाठी लाडू. थैल्यात याचं धोतर एकच, बाकी सगळं दुसऱ्यांचं. शेजारच्या द्वारकाकाकूंनी तंजावरला दिलेल्या लेकीसाठी, लीलासाठी, लोणच्याची बरणी आणली. लीलाचं दोन महिने पत्र नव्हतं. "नुसतं डोळ्यांनी बघून ये रे तिला," काकू म्हणाल्या.

झालं! देश बघायला निघालेला माणूस स्वयंपाकघरं बघत फिरला. नागपुरात व्याह्यांनी शेव ठेवून घेतली आणि हैदराबादसाठी मुरांबा सोपवला. हैदराबादेत चारमिनारला जायचं, तर भाच्याच्या सासूबाईंनी दिवसभर पापड वाळत घालायला लावले. वाटेत लोणचं गळून धोतर पिवळं झालं. मात्र गोदावरीच्या पुलावर गाडीच्या दारात उभा राहून हा "वा! क्या बात है!" असं इतक्या जोरात ओरडला, की डब्यातली म्हातारी दचकून उठली. तेवढं एक सुख, खरंच मोठं.

तंजावरला लीला अंथरुणात होती. पोटातलं मूल गेलेलं, अंगात ताप, नवरा दिवसभर कचेरीत. समुद्र तिथून तीन तासांवर, नागपट्टणमला. उद्या जाऊ, परवा जाऊ करत दिनानाथने दहा दिवस पेज शिजवली, पाणी भरलं आणि औषधं दिली. ताप उतरला तेव्हा रजाही संपत आली होती. "दादा, आईला सांगू नका. तिचं काळीज अशक्त आहे," लीलाने शपथ घातली. घरी येऊन त्याने सांगून टाकलं, लीला मजेत आहे, आणि मी दहा दिवस नागपट्टणमला समुद्रावर होतो.

गणेशोत्सवात त्याचं व्याख्यान ठेवलं, 'प्रवासातले चढउतार'. मंडळींना चढउतारांशी काय करायचंय? "आमची शेव मोडली तर नव्हती?" "मुरांब्याला बुरशी आली होती म्हणे!" शेवटी कोणीतरी समुद्राचं विचारलं. पहिल्या रांगेत द्वारकाकाकू बसलेल्या. दिनानाथने दिली ठोकून. "काय सांगू! संध्याकाळी तो लालबुंद सूर्य हळूहळू पाण्यात बुडतो..."

मागून गल्लीतले संताजी उठले. लढाईच्या दिवसांत तीन वर्षं मद्रासेला पलटणीत होते. "अरे दिनाभिया, तिकडे समुद्र पूर्वेला! सूर्य पाण्यातून उगवतो, बुडतो कुठला?"

मांडव हसून लोटपोट झाला. "गप्पीदास!" कोणी ओरडलं. दिनानाथही हसला. हसू दे, उद्यापासून कचेरीत चिडवतील, चिडवू दे. लीलाची बात टळली, एवढंच त्याला बरं वाटलं.

आरती झाली, मंडळी प्रसाद घेऊन पांगली. द्वारकाकाकू मात्र खांबाला टेकून उभ्या होत्या. तो जवळ आला तशी त्यांनी त्याचा हात धरला.

"समुद्र तू पाहिलाच नाहीस," त्या म्हणाल्या. "मग ते दहा दिवस माझ्या लीलाकडे होतास ना? काय झालं होतं तिला?"

मांडवात ठोकून दिली तशी इथे एकही थाप सुचेना. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता बरी आहे, काकू," तो म्हणाला. "पेज खायची ती. सारखी तुमची आठवण काढायची."