कॅलिफोर्नियाचा धूर

बोलता बोलता आप्पा मधेच थांबायचे. समोरच्याचं वाक्य अर्धं राहिलेलं असो की स्वतःचं, ते मान वर करायचे, नाक वाऱ्याच्या दिशेला वळवायचे आणि डोळे बारीक करून विचारायचे, "धूर हाय का?" बहुतेक वेळा नसायचा. कुणाच्या तरी चुलीवर भाकरी करपलेली असायची, नाहीतर रस्त्यावरून एखादा डंपर गेलेला असायचा. "नाही आप्पा," म्हटलं की ते मान हलवायचे, पण आपल्या बोलण्यावर त्यांचा काडीइतका विश्वास बसलेला नाही हे स्पष्ट दिसायचं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी, मुलीची एसटी पोचेपर्यंत पाणीसुद्धा न पिणारी. आपण त्यांना हसतो. मीही हसायचे. फरक एवढाच, की आप्पांची भीती फार लांबून आलेली होती. ती थेट कॅलिफोर्नियातून आली होती.

मी दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडे एका लहानशा वायनरीची प्रयोगशाळा सांभाळते. माहेर कारेगावचं. वडील, भाऊ, चुलतभाऊ सगळे कारखान्यात, त्यामुळे मीही कुठेतरी रंग नाहीतर साबण तपासत बसणार अशीच सगळ्यांची समजूत होती. नशिबी द्राक्षं आली. आप्पांचा मळा नदीपलीकडे, मांडवगण फराट्याच्या शिवारात. त्यांची वाइनची द्राक्षं, शिराझ जातीची, काळी, बारीक, बियांनी भरलेली, आमच्याकडे यायची. तोडणी जवळ आली की ते दर आठवड्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर मणी घेऊन यायचे. पिशवी माझ्या टेबलावर ठेवायचे आणि साखर किती भरली हे विचारायच्या आधी म्हणायचे, "ताई, कॅलिफोर्नियाचं काय म्हंत्यात?"

मुलगी दिलेल्या गावाची खुशाली विचारावी तसा तो प्रश्न असायचा. मी मोबाइलवर तिकडच्या वाइनच्या बातम्या वाचायचे ते त्यांना माहीत होतं. इंग्रजी बातमीचं मराठी करून सांगणं हे माझं, न ठरवता ठरलेलं, काम झालं होतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात घातलं आमच्याच साहेबांनी. साहेब म्हणजे आमचे वाइनमेकर, काही वर्षं तिकडे राहून आलेले. एकदा त्यांनी सगळ्या शेतकऱ्यांना बोलावून पडद्यावर फोटो दाखवले. आभाळ नारिंगी झालेलं, सूर्य तांब्याच्या पैशाएवढा, आणि खाली द्राक्षाच्या सरळ ओळी. तिकडे जंगलं पेटतात, साहेब सांगत होते, आग कोसांवर असते, मळ्याला झळही लागत नाही, पण धूर सालीतून मण्यात शिरतो. बाकीचे शेतकरी चहा कधी येतोय ते बघत होते. आप्पा उठून पडद्याजवळ गेले.

"खाऊन कळत न्हाई?"

"नाही. मणी गोडच लागतो."

"मग कळतं कवा?"

"वाइन झाल्यावर. राखेची चव येते. मग टाकी ओतून द्यायची," असं म्हणून साहेबांनी पुढचा फोटो लावला.

पुढचा फोटो आप्पांनी पाहिलाच नाही. जे बघून कळत नाही, खाऊन कळत नाही आणि कळतं तेव्हा काही करता येत नाही, अशा गोष्टीला माणसाने भ्यायचं नाही तर कशाला भ्यायचं? शिवाय आमच्या भागात द्राक्ष पिकायची वेळ आणि ऊस तुटायची वेळ एकच. जिकडे बघावं तिकडे उसाचं पाचट पेटलेलं, गुऱ्हाळांची धुराडी उजाडायच्या आत सुरू. तिकडे आग कधीतरी लागते. आपल्याकडे ती रोज लावतात.

आप्पांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. ते स्वतः लहानपणी घोड्यावरच्या बिऱ्हाडाबरोबर गावोगाव हिंडलेले. एकदा कुठल्याशा माळावर वाळलं गवत पेटलं आणि जाळीच्या वाघरीत कोंडलेली कोकरं बाहेर काढायला कुणाला वेळ मिळाला नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाची हकीकत सांगावी तसं. मग मळ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्या घरात कुनी एका जागंला झाड लावलं न्हवतं, ताई. मेंढरं पुढं, आमी मागं. ह्यो पयला. आन् मेंढरं हाकलता येत्यात. वेली कुठं हाकलू?"

तेव्हापासून मला त्यांचं हसू येईना.

गावाला मात्र येत होतं. पाचट पेटवू नका म्हणून आप्पा हात जोडत बांधाबांधावर फिरायचे. गुऱ्हाळवाल्याकडे जाऊन वारा कुठला आहे ते सांगून यायचे. शेजारच्या लग्नात फटाके लागले तेव्हा जेवणाच्या पंगतीतून उठून मळ्यात गेले. तोडणीच्या बायकांमध्ये कुणी मिश्री भाजायला घेतली तरी त्यांचा जीव वर-खाली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, चुलीवर पाणी तापवणं बंद केलं होतं. मी गेले की त्या मला ऐकवायच्या, की ह्यांचं खरं सासर कॅलिफोर्नियात आहे, माझ्या माहेरचं ह्यांनी कधी एवढं विचारलं नाही.

गंमत अशी की आप्पा माळकरी. वाइन त्यांनी जन्मात चाखली नव्हती. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांनी मतदान घडवून आणलं तेव्हा गळ्यात माळ आणि खांद्यावर उपरणं घेऊन ते घरोघर फिरले होते. मग तुमची द्राक्षं कशाला जातात हो आप्पा, असं कुणी छेडलं की ते म्हणायचे, "ती औषधी असती म्हंत्यात," आणि दुसरीकडे बघायचे. संध्याकाळी देवापुढे लोकांचं व्यसन सुटू दे म्हणायचं आणि सकाळी शिराझला पाणी द्यायचं, यात त्यांना अवघड काही वाटत नव्हतं. लोकांचं व्यसन म्हणजे गावातल्या लोकांचं.

मग तो दिवस आला. तोडणी दोन दिवसांवर होती. सकाळीच आप्पांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "ताई, आला."

मी आमच्या एका माणसाला गाडी काढायला लावली. पुलावरूनच दिसलं. शेजारच्या बाळासाहेबांनी ऊस तोडणीला सोपा जावा म्हणून उभा फड पेटवला होता. पेटवताना वारा पलीकडे होता, मग तो फिरला. मळ्यात शिरले तर चार ओळींपलीकडचं दिसेना. उसाची काळी राख घडांवर उतरत होती, डोळे चुरचुरत होते, आणि त्या धुरात कुठून तरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मला खरंच भीती वाटली. आग मळ्यात आली आणि आप्पा आत आहेत, असंच मला वाटलं.

आप्पा आतच होते. फवारणीचा ब्लोअर ट्रॅक्टरला जोडून, टाकीत साधं पाणी भरून, ते एकेका ओळीतून द्राक्षं धूत चालले होते. मेंढपाळांकडे मेंढरू आजारी पडलं की आधी नदीवर नेऊन धुतात. त्यांनी तेच केलं. पिकल्या द्राक्षावर एवढं पाणी पडलं तर घड सडतात, साखर उतरते, हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण भ्यालेल्या माणसाला ठाऊक असलेलं आठवत नाही. मी ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिले तेव्हा ते थांबले. चेहऱ्यावर राख आणि पाणी. त्यांनी विचारलं, "शिरला आसंल का?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.

बाळासाहेब बांधावर येऊन उभे होते. त्यांना वाटलं होतं आप्पा भांडतील. आप्पा त्यांच्याकडे बघतही नव्हते.

धूर शिरला की नाही हे बघायची एक साधी रीत आहे. थोडी द्राक्षं बादलीत चुरडायची, यीस्ट घालायचं आणि ती आंबून वाइन होऊ द्यायची. मग वास, चव. मी मळ्यातून घड आणले आणि प्रयोगशाळेत पांढऱ्या बादलीत लावले. तोवर तोडणी थांबवली. मळ्यात ओले घड उन्हात होते आणि सड कुठल्याही क्षणी सुरू होईल ही धाकधूक वेगळीच. आप्पा रोज यायचे. बाहेर कडुनिंबाखाली बसायचे, आत यायचे नाहीत. बादलीवर झाकलेलं फडकं मी उचललं की खिडकीतून त्यांचे डोळे दिसायचे. एरवी घड्याळाप्रमाणे काम करणारी मी, त्या दिवसांत घरी जेवताना ताटाचासुद्धा वास घ्यायला लागले.

शेवटी आम्ही चाखलं. साहेबांनी दोनदा, मी तीनदा. राख नव्हती. मी बाहेर जाऊन सांगितलं तर आप्पा हलेनात. मला वास घेऊ द्या म्हणाले. मी पेल्यात थोडी वाइन आणली. त्यांनी डाव्या हाताने गळ्यातली माळ घट्ट धरली, जणू ती ऐकत होती, आणि पेल्यावर नाक नेलं.

"धूर हाय," ते म्हणाले.

मी पेला माझ्या नाकाशी धरला, पुन्हा त्यांच्याकडे दिला. पुन्हा तेच. मग माझ्या लक्षात आलं. त्या दिवसापासून त्यांच्या खांद्यावरचं उपरणं तेच होतं, राखेत माखून वाळलेलं, आणि वास त्याला येत होता. ते काढून लांब फांदीवर टाकलं, मग त्यांनी पुन्हा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्या वर्षी त्यांची द्राक्षं तोडली. थोडी सडलेली निवडून टाकली, बाकीची चांगली निघाली. पुढे बाळासाहेबांनी तो ऊस मोडून तिथे खायची द्राक्षं लावली, आणि रोपं बांधायला आप्पाच गेले होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियाच्या बातम्या बदलल्या. आगीच्या नव्हत्या. लोक वाइन कमी पिऊ लागलेत, तरुण पोरं तर हातच लावत नाहीत, टाक्या भरलेल्या आहेत, द्राक्षं न तोडता वेलीवरच सोडलीत, जुने मळे उपटून ढीग लावून जाळताहेत. मी वाचत होते आणि पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर बघत होते, कारण आमच्याही टाक्या भरलेल्याच होत्या आणि बाटल्यांचे खोके गोदामाबाहेर आले होते.

आप्पा काहीतरी कामाने आले होते. नेहमीचा प्रश्न आला. मी सांगितलं.

"लोकं प्यायची कमी झाली?"

"हो आप्पा."

"चांगलंच हाय की," ते पटकन म्हणाले. सवयीने. चेहरा खुललासुद्धा.

मग त्यांचा हात माळेवर गेला आणि तिथेच राहिला. ते माझ्याकडे बघत होते. एका माणसाला आपलंच मागणं ऐकलं गेल्याची भीती वाटते, ती मी त्या दिवशी पाहिली. परत कधी बघायला नको.

जाताना ते दारात थांबले. या खेपेला नाक वर केलं नाही. "ह्येचा वास येत न्हाई," म्हणाले.

पुढच्या हंगामाला आमच्या मालकांनी सांगितलं की शिराझ घेणार नाही. प्रयोगशाळेतली दोन माणसं कमी झाली, मी राहिले, का राहिले ते मला अजून समजलेलं नाही. आजूबाजूच्या वायनऱ्यांचंही तेच. बियांची बारीक द्राक्षं बाजारात कोण खाणार? तरी आप्पांनी छाटणी केली. घड आले, काळे झाले, पाखरांनी खाल्ले. काकू सांगत होत्या की ते रोज सकाळी मळ्यात जाऊन नुसते उभे राहतात, आणि आता धूर आहे का म्हणून विचारतही नाहीत. मला त्या न विचारण्याची जास्त भीती वाटली.

दुसऱ्या वर्षी जेसीबी आला. वेली उपटून बांधाला ढीग लागले, वाळले, आणि तसेच पडून राहिले. जागा मोकळी करायची तर पेटवून टाका, असं सगळे सांगत होते. आप्पा ऐकेनात. जीव होत नसेल असं लोकांना वाटलं. मलाही वाटलं. खरं कारण काकूंनी फोनवर सांगितलं. वारा बाळासाहेबांच्या मळ्याकडे वाहत होता आणि त्यांची पहिली द्राक्षं वेलीवर होती. खायच्या द्राक्षाला धुराने काही होत नाही, हे मी आप्पांना पूर्वी कितीदा तरी सांगितलेलं. ते वारा फिरायची वाट बघत होते.

त्या पावसाळ्यात आप्पा गेले. झोपेतच. पण त्याआधी, उन्हाळ्यात, त्यांचा फोन आला, तो शेवटचा. मी बाटल्यांचे नमुने लावत होते.

"ताई, वारा फिरला," ते म्हणाले. "आज तुमच्या बाजूला धूर येईल. भिऊ नगा. माझाच हाय."

मी काहीतरी बोलणार तोवर फोन बंद झाला होता.

थोड्या वेळाने नदीपलीकडे धूर उठला. सरळ वर गेला, मग वाकला आणि पुलावरून आमच्याकडे यायला लागला. वाइनला वास लागेल म्हणून साहेब सगळ्यांना दारं-खिडक्या लावायला सांगत फिरत होते. मी बाटल्यांना बुचं लावली, नमुने आत कपाटात ठेवले. माझी खिडकी मी उघडीच ठेवली.