एक कान घरासाठी

माझा दादा आंधळा आहे. आधीच सांगून टाकते, कारण लोक आडवळणाचे मोठमोठे शब्द शोधायला लागले की तोच म्हणतो, "आंधळा म्हणा हो. मला वाईट वाटत नाही आणि तुमचा वेळ वाचतो."

त्याचा धंदा आवाजाचा. कुणाकुणाची जुनी रेकॉर्डिंग त्याच्याकडे येतात आणि कॉम्प्युटरवर त्यातली खरखर काढून तो माणसाचा आवाज तेवढा स्वच्छ करून देतो. हा कॉम्प्युटरही त्यानेच जोडलाय, सुटे भाग आणून, बोटांनी चाचपून. मी नुसती तारांचे रंग सांगायला शेजारी बसले होते, आणि त्यातही चुकले.

काम करताना तो इअरफोन एकाच कानात घालायचा. दुसरा कान घरासाठी. पलीकडच्या खोलीत वहिनी पडून असायची, तिची फुप्फुसं थकत चालली होती. मधेच श्वास अडकायचा, आणि अडकला की तिला हाकही मारता यायची नाही. दादाने ते ऐकायचं, भिंत धरून जायचं आणि औषधाचा पंप तिच्या तोंडाला लावायचा. उशाशी घंटी ठेवलेली होती, पण वहिनी कसली वाजवतेय! "त्यांचं काम मोडतं," म्हणायची. अशा बाईला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

मी वरच्या मजल्यावर राहते, शिवणकाम करते. माझं मशीन खाली दादाला ऐकू जातं. ते मधेच थांबलं की खालून हाक येते, "ठिणगे, दोरा तुटला की गिऱ्हाइकाशी भांडलीस?" बहुतेक वेळा भांडणच असतं.

एकदा संध्याकाळी मी माझी कात्री मागायला खाली गेले, तर वहिनीचे ओठ निळे पडलेले. दादा पलीकडच्याच खोलीत, एक कान मोकळा ठेवून बसलेला. पण कॉम्प्युटर जड कामाला लागला होता, आणि तो तापला की आतला पंखा असा भणभणायचा की दार वाजलेलंही कळू नये. मी धावत जाऊन पंप लावला. हळूहळू तिच्या तोंडावर रंग आला. तोवर दादा दारात येऊन उभा राहिला होता.

"मला ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला त्याला फाडून खायचं होतं, पण मी वहिनीची पाठ चोळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मात्र मी तोंड सोडलं. म्हटलं, "सोड हे काम."

"सोडतो. मग दिवसभर काय करू? हिच्याकडे बघत बसू?"

वहिनी आतून हसली आणि हसता हसता खोकली. म्हटलं, मग कॉम्प्युटरचा डबा स्वयंपाकघरात ठेव. तोही प्रयोग झाला. पंख्याचा आवाज भिंतीवर आपटून तिच्याच खोलीत घुमायला लागला.

शेवटी दादा म्हणाला, "पंखा काढू आणि पाणी बसवू." त्याने मला नीट समजावलं. आतला प्रोसेसर तापतो. एकतर त्याच्या डोक्यावर पंखा बसवून हवेने निववायचा, नाहीतर नळीतून पाणी फिरवून उष्णता वरच्या जाळीकडे न्यायची. जाळीलाही पंखे असतात, पण मोठे आणि संथ, कानाला जाणवत नाहीत.

"विजेच्या डब्यात पाणी? अक्कल गहाण टाकलीस का?"

"पंखा दगा देत नाही, हे खरंय," तो शांतपणे म्हणाला. "पाणी एखाद दिवशी गळेल. गळलं तर मशीन जाईल. मशीनच ना?"

न भांडता मी त्याला कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेले. हे माझ्या हातून सहसा होत नाही.

दुकानदाराने पाण्याचा कूलर चालू करून दाखवला आणि त्यात किती रंगांचे दिवे आहेत ते दादालाच कौतुकाने सांगायला लागला. "ते हिला दाखवा," दादा म्हणाला, "आणि तुम्ही जरा बोलायचं थांबा." मग कूलरला कान लावून तो कितीतरी वेळ उभा राहिला. दुकानदार माझ्याकडे बघत होता. मी डोळे वटारले.

घरी येऊन त्याने तो स्वतः बसवला. कॉम्प्युटर चालू झाला तरी मला वाटलं बंदच आहे. दादाने मान वळवून पलीकडच्या खोलीचा कानोसा घेतला, आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"येतंय ऐकू," म्हणाला.

"झालं, आता घोरायचीही चोरी," वहिनी आतून म्हणाली.

त्यानंतर ती बरेच महिने होती. श्वास अडकला आणि दादा पोचला नाही, असं एकदाही झालं नाही. एका दुपारी माझं मशीन चालू असताना खालून त्याची हाक आली, आणि त्या हाकेत ठिणगी नव्हती, माझं खरं नाव होतं. मी खाली गेले तेव्हा तो तिचा हात हातात घेऊन बसला होता. "शेवटचा श्वास मी ऐकला," म्हणाला. "एकटी नव्हती ती." मी रडले. मी मोठ्याने रडते, तशीच रडले.

माणसं आली, गेली. दादा पुन्हा कामाला बसला. मग एक दिवस म्हणाला, "माळ्यावरून तो जुना पंखा काढ."

"गळलं ना? सांगत होते मी!"

"थेंबही नाही गळला. उत्तम चाललंय."

"मग?"

तो नळ्यांवरून बोट फिरवत राहिला. "या घरात आता फार ऐकू येतं गं," म्हणाला. "ऐकण्यासारखं काही नसलं तरी." मग म्हणाला, "आणि तुझं मशीन मला खाली ऐकू येतं. माझं नको तुला वर ऐकू यायला?"

मी माळ्यावरून पंखा काढून पुसून दिला. पाण्याचा कूलर उतरवून त्याने त्या जागी पंखा बसवला, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. तीच जुनी भणभण सुरू झाली. दादाने एका कानात इअरफोन घातला, जरा थांबला, आणि मग दुसऱ्याही कानात घातला.

मी वर आले. पंख्याचा आवाज जमिनीतून येतो, मशीन चालवतानाही पायाला कळतो. तो मधेच थांबला की मी हातातलं कापड टाकते आणि खाली हाक मारते.