पाणी सोडणारा साहेब

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला, शेवटी मुख्याध्यापिकाही झाले, आणि समुद्र पाहिला तो निवृत्त झाल्यावर. तोही धड समुद्र नव्हे, मुंबईकडची खाडी. बार्शीटाकळी तालुक्यातल्या पोरांना भरती-ओहोटी शिकवताना मी फळ्यावर पृथ्वी काढायची, शेजारी चंद्र, आणि पृथ्वीच्या दोन्ही अंगांना पाण्याचे फुगवटे. आकृती इतकी देखणी यायची की तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचं कौतुक वहीत लिहून ठेवलं होतं. पाणी खरोखर चढताना कसं दिसतं, हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

खाडीवर जायला कारण झाली माझी भाची. माझ्या धाकट्या भावाची वरूडकडे संत्र्याची बाग आहे. त्याची ही एकुलती मुलगी अमरावतीला प्राणिशास्त्रात एमेस्सी झाली आणि खाडीकाठच्या एका पक्षी उद्यानात कंत्राटी नोकरीला लागली. येणाऱ्या लोकांना पक्षी दाखवायचे, त्यांची माहिती सांगायची. भावाच्या डोक्यात हे काही केल्या शिरेना.

"जवारीतले पाखरं हाकलाले कोनी मानूस ठेवते, समजते मले," तो म्हणायचा. "पाखरं दाखवाले कोन ठेवते?"

त्याने तिला एक वर्ष दिलं होतं. ते वर्ष संपलं आणि नेमकं त्याच महिन्यात अकोल्याचं एक स्थळ आलं. 'आलं' म्हणणं खोटं आहे. ते मी आणलं. माझ्या जुन्या सहकारी बाईंचा मुलगा, प्राध्यापक, निर्व्यसनी. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं तेवढंच होतं. मुलीला घरी आणायचं, पुढच्या रविवारी बघण्याचा कार्यक्रम उरकायचा, असं मीच भावाला पटवलं. तिला मात्र मी फोनवर सांगितलं, "बाबा न्यायला येणार म्हणतात. मी येते सोबत. काळजी करू नको, मी तुझ्या बाजूने आहे." निवृत्त झालं तरी मुख्याध्यापिकेला दोन्ही बाजूंना एकाच वेळी हो म्हणता येतं, सवय असते. वहिनीला भावाने आणलंच नाही, कारण लेकीला पाहिल्यावर ती रडली असती आणि मग आम्हा तिघांचाही कौल फिरला असता.

भाऊ अमरावतीहून निघाला, मी अकोल्याला त्याच गाडीत चढले. बर्थखाली संत्र्यांची भलीमोठी पिशवी होती.

"पोरीसाठी?" मी विचारलं.

"तिच्या सायबासाठी. सोडाले खळखळ करू नये त्यानं."

वरूडच्या माणसाला कचेरीत रिकाम्या हाताने जायची लाज वाटते. हातात संत्री असली की त्याला कोणताही कायदा आपला वाटतो.

भाचीने अकराला या म्हणून बजावलं होतं. आम्ही आठला पोचलो, कारण अकरापर्यंत थांबणं भावाच्या मते आळशी लोकांचं काम. उद्यानाच्या फाटकावर पक्ष्यांची रंगीत चित्रं, आत उपाहारगृह, मग खारफुटीतून जाणारी लाकडी फळ्यांची वाट. झाडांच्या मागे तीसमजली इमारती उभ्या. निसर्गसौंदर्य पाहायला आलेले लोक फोटो काढताना त्या इमारती चौकटीबाहेर ठेवायला धडपडत होते. काहींच्या गळ्यात हातभर लांब कॅमेरे, अंगावर खिशांचं खाकी जाकीट, जणू वाटेत एखादा गवा आडवा येणार होता.

वाटेच्या टोकाला मचाणासारखा सज्जा होता. तिथून पाहिलं तर काठोकाठ भरलेलं मळकट पाणी, आणि त्यावर एकही पक्षी नाही.

"ताई, हे तं तळं हाय," भाऊ म्हणाला. "आपल्या मेळघाटात वाघ तरी हाय."

त्याला वाघ कधी दिसलेला नाही. मलाही नाही. पण परमुलखात आलं की अमरावतीकर मेळघाटाचा वाघ खिशातून काढून दाखवतोच.

तेवढ्यात भाची आली. डोक्याला टोपी, गळ्यात दुर्बीण, मागे दहा-बारा पाहुणे. आम्हाला पाहून तिचा चेहरा असा फुलला की मला क्षणभर माझ्या पोटातल्या बेताची शरम वाटली. क्षणभरच.

"बाबा, एवढ्या लवकर काहून आले? आता पाणी भरलं हाय. उतरलं का चिखल उघडा पडते, मंग रोहित पक्षी येतात, फ्लेमिंगो. बारा वाजतील."

भावाने घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली आणि परत फिरला. मला वाटलं, उपाहारगृहात गेला असेल. थोड्या वेळाने मागून हशा ऐकू आला म्हणून आम्ही सगळे तिकडे गेलो. भाऊ पाण्यालगतच्या पहारेकऱ्याच्या केबिनपाशी उभा होता, भोवती आठ-दहा माणसं.

"मी सरळ इचारून राहिलो," तो चिडून म्हणत होता. "इथं पाणी सोडनारा सायब कोन हाय?"

"काका, इथलं पाणी कोणी सोडत नाही," पहारेकरी हसू दाबत म्हणाला. "आपलं आपण जातं."

"आपलं आपन पाणी कुठीच जात नसते. कोनी ना कोनी दाबून ठेवलं असते."

खाकी जाकिटातले दोघे तर पोट धरून हसले. आणि मीही हसले. नुसती हसले नाही, दोन पावलं बाजूला झाले, म्हणजे मी त्याच्यासोबतची वाटू नये. ज्या माणसाने उभा जन्म कालव्याच्या पाण्यासाठी शाखा अभियंत्याच्या दारात चपला झिजवल्या, त्याला पाण्यामागे साहेब दिसणार नाही तर काय दिसणार? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

भाचीला सुचलं. ती हसली नाही. पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "हे माझे वडील. आमच्या भागात पाणी माणूस सोडतो आणि अडवतोही माणूसच. त्यांनी विचारलं ते बरोबर विचारलं. आता तुम्ही सांगा, हे समोरचं पाणी या क्षणी चढतंय की उतरतंय?"

हातभर लांब कॅमेरे एकमेकांकडे पाहू लागले.

"माझी आत्या सांगेल," ती केवढ्या अभिमानाने म्हणाली! "तिने भूगोल शिकवलाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी घसा साफ केला. "चंद्र आणि सूर्य यांच्या आकर्षणामुळे दिवसातून दोनदा…"

"ते झालं, आत्या. आत्ता काय होतंय?"

मी पाण्याकडे पाहिलं. ते पाण्यासारखं दिसत होतं. पण वर्गात मी कधी 'माहीत नाही' म्हटलेलं नाही. "चढतंय," मी ठणकावून सांगितलं.

"उतरून राहिलं," भाऊ मागून म्हणाला. "त्या झाडाचं बूड पाह्य. चार बोटं ओलं हाय. मघाशी तेथवर पाणी होतं."

"बरोबर, बाबा," भाची म्हणाली.

विहिरीची पातळी रोज वाकून पाहणाऱ्या माणसाचे डोळे होते ते. माझे फळ्याकडे पाहण्यात गेले.

मग आम्ही सज्जात बसून राहिलो आणि पाणी खरंच गेलं. कसलाही आवाज न करता काळ्या चिखलाचं एक पोट वर आलं, मग दुसरं. चिखलात बोटभर निवट्या मासोळ्या उड्या मारू लागल्या. बाराच्या सुमारास इमारतींच्या बाजूने गुलाबी पट्टा उठला आणि थेट समोर उतरला. शेकडो लांब पाय, माना खाली, चोची उलट्या करून चिखल गाळणं सुरू. मला रडू आलं. का, ते नीट सांगता येत नाही. सुंदर होतं म्हणून, आणि इतकी वर्षं मी पोरांना हे न पाहता शिकवलं म्हणून.

भाऊ तिला प्रश्नावर प्रश्न विचारत होता. काय खातात, पाणी भरलं की कुठे जातात, या चिखलात काय पिकतं. ती उत्तरं देत होती आणि तो वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखा ऐकत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "मी तुले न्याले आलो होतो."

"माहीत हाय, बाबा."

"येत नाई?"

"नाई."

त्याने चिखलाकडे पाहिलं. "बरं," तो म्हणाला. माझ्या भावाच्या पोटात काही राहत नाही. तो लगेच माझ्याकडे वळला. "मंग ताई, अकोल्याले तूच कळव. स्थळ तूच आणलं. तूच म्हनलं, चाल, गोड बोलून घेऊन येऊ तिले."

भाचीने माझ्याकडे पाहिलं. "आत्या? तू तं माह्या बाजूनं होती ना?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच," मी म्हणाले. रडत कचेरीत आलेल्या कितीतरी पोरींना मी हेच वाक्य ऐकवलं होतं.

तिने टोपी सारखी केली, पुढचे पाहुणे आलेत म्हणाली आणि गेली.

तिची नोकरी चालू आहे. भाऊ तिला रोज सकाळी फोन करतो, आज पाणी किती वाजता उतरणार ते विचारतो आणि संत्री मोजायला आलेल्या व्यापाऱ्यांनाही सांगतो. न्यायला आलेल्या बापाला तिने माफ केलं, कारण तो न्यायलाच आला होता. मला ती सणावाराला न चुकता फोन करते. पाहुण्यांशी बोलते तसंच बोलते, स्वच्छ, हसून, सगळी माहिती देऊन. गेल्या दिवाळीत मी न राहवून म्हटलं, "अगं, माझ्याशी पहिल्यासारखं बोल ना."

"बोलतेय की, आत्या," ती म्हणाली, आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी करून तिने फोन ठेवला.