इल्पोची वायर

फिनलंडमधल्या कायानी गावच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेला इल्पो कंप्यूटरवर फुकटची लिनक्स प्रणालीच चालवायचा आणि कुठलीही वस्तू कधी टाकून द्यायचा नाही. कॅमेरा कंप्यूटरला जोडायची तुटलेली वायरसुद्धा त्याने स्वतः डाग देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडली होती.

आज मात्र त्या वायरीने कॅमेऱ्यातून कंप्यूटरवर उतरवलेल्या फोटोत सासूबाई अर्ध्याच दिसत होत्या. कपाळाखाली नुसते राखाडी पट्टे. नव्वदीचा वाढदिवस करून त्या मागच्याच आठवड्यात वारल्या होत्या, आणि शनिवारी दफनानंतर जमणाऱ्या पाहुण्यांच्या कॉफीला मेणबत्तीशेजारी वाढदिवसाचा हाच फोटो ठेवायचा होता.

"शी! कॅमेरा आहे की उकिरडा?" इल्पोने तोंड वाकडं केलं. "आतलं मेमरी कार्ड सडलंय. पुसूनच टाकतो सगळं."

"माझ्या आईला पुसतोस?" त्याची बायको राइली कडाडली. "आधी तुझी ती चिकटपट्टीवाली वायर बघ."

"माझ्या वायरीला काहीही झालेलं नाही!"

पण तिचं तोंड बंद करायला त्याने तोच फोटो त्या वायरीने तीनदा कंप्यूटरवर उतरवला. दर वेळी पट्टे वेगळ्याच जागी आले. कार्डावरचाच फोटो बिघडलेला असता, तर पट्टे असे जागा बदलत फिरले नसते.

त्याने कार्ड काढून थेट कंप्यूटरच्या खाचेत घातलं. सासूबाई अख्ख्या उमटल्या, हनुवटीला केकचं क्रीम लागलेल्या.

इल्पोने ती वायर मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली. "चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केली मी, आणि हे माझं काम? थू!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने काहीतरी कचऱ्यात फेकलं.

"झाकण घट्ट लाव," राइली म्हणाली. "संध्याकाळी परत काढून आणशील."