नवी म्हणून विकलेली जुनी रेकॉर्ड

"वानखड्यांची एजन्सी बंद करायची आहे. कारण तुम्ही शोधून, लिहून आणा," असं म्हणत कर्णिकसाहेबांनी एक पत्र माझ्यापुढे सरकवलं.

मी तेव्हा ग्रामोफोन रेकॉर्डच्या एका कंपनीत ट्रॅव्हलिंग सेल्समन होतो. साठ-एकसष्ट सालची गोष्ट. घर अकोल्याला, डेपो नागपूरला. माझी फिरती मलकापूरपासून अमरावतीपर्यंत. दर महिन्याला नव्या रेकॉर्डी निघाल्या की डेपोतून त्यांचा एक-एक नग मला मिळायचा. त्याला सॅम्पल सेट म्हणत. ती पेटी घेऊन मी गावोगावच्या दुकानांत जायचो, रेकॉर्ड वाजवून दाखवायचो आणि ऑर्डर घ्यायचो. कर्णिकसाहेब डेपोचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण एकदा ठरवलं की ठरवलं.

पत्र हिवरखेडच्या शाळेतल्या एका शिक्षिकेचं होतं. नाव गवई. अक्षर मोत्यासारखं, मजकूर दोन ओळींचा. अमरावतीच्या वानखडे यांच्या दुकानातून दिवाळीत घेतलेली आपल्या कंपनीची नवी रेकॉर्ड वापरलेली निघाली, खुलासा व्हावा.

साहेबांना एवढं पुरे होतं. नारायणराव वानखड्यांवर त्यांचा राग जुनाच होता. अमरावतीला वानखड्यांचं रेडिओ, ग्रामोफोन आणि घड्याळांचं दुकान होतं. नव्या रेकॉर्डींच्या शेजारीच त्यांनी जुन्या रेकॉर्डींचं एक कपाट ठेवलं होतं. लोक ऐकून कंटाळलेल्या रेकॉर्डी आणून द्यायचे, वानखडे त्या थोड्या भावात घ्यायचे आणि थोडा नफा ठेवून दुसऱ्याला विकायचे.

साहेबांचं म्हणणं असं की ही सरळ लूट आहे. रेकॉर्ड विकली गेली की गाणाऱ्याला त्यातला छोटासा वाटा मिळतो, त्याला रॉयल्टी म्हणतात. तीच रेकॉर्ड दुसऱ्यांदा विकली गेली तर ना कंपनीला काही, ना गाणाऱ्याला. "चार जणांनी ऐकायचं आणि एकानेच घ्यायची, मग त्या गाणाऱ्याने खायचं काय?" ते विचारत. मलाही ते पटायचं. माझी बढती रेकॉर्डींच्या खपावर ठरणार होती, त्यामुळे जरा जास्तच पटायचं.

मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला गेलो.

वानखडे नांदगाव खंडेश्वरकडचे. घरची काळी जमीन भावाकडे सोपवून हे दुकानात बसले होते. मला पाहिल्यावर त्यांनी नेहमीसारखा चहा मागवला. मी चहा न घेताच पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि शांतपणे परत दिलं.

"बाई आल्या होत्या माह्याकडं," ते म्हणाले. "मी त्याहिले म्हटलं, ही कंपनीतून जशी आली तशी तुमाले देली. बदलून देतो म्हटलं, तं दुसरी शिल्लक नव्हती. मंग त्या म्हणाल्या, कंपनीले लिहितो."

मी म्हणालो, जुन्या कपाटातली एखादी चुकून नव्यात गेली असेल. हे मी सौम्यपणे म्हणालो, पण अर्थ त्यांना कळला.

"सायेब, बसा आज दिवसभर अथीसाच," ते म्हणाले. "पाहा मी कसं इकतो ते. मंग काय लिवाचं ते लिवा."

मी बसलो. बाजाराचा दिवस होता. जुनी रेकॉर्ड आली की वानखडे ती आधी दारातल्या उजेडात तिरपी धरायचे. रेकॉर्डीच्या खाचांतून सुई फिरून फिरून काळा रंग करडा पडतो, ते उजेडात दिसतं. मग दोन्ही बाजू वाजवायचे. त्यानंतर पाकिटावर खडूने लिहायचे, 'बरी' किंवा 'घासलेली'. घेणाऱ्याला पुन्हा वाजवून दाखवायचे आणि कुठे खरखरते तेही आपणच सांगायचे. एका गिऱ्हाइकाला तर त्यांनी घेऊ नका म्हणून परत पाठवलं.

दुसरी एक गोष्ट मी पाहिली, ती मला जास्त बोचली. दर्यापूरकडचे एक कास्तकार पाच जुन्या रेकॉर्डी घेऊन आले. त्यांचे पैसे त्यांनी हातात घेतलेच नाहीत. त्यात थोडी भर घालून दोन नव्या कोऱ्या घेतल्या. त्यांच्या त्या पाचांतल्या तीन संध्याकाळपर्यंत कॉलेजच्या पोरांनी नेल्या. नवी घेण्याची त्या पोरांची ऐपतच नव्हती. म्हणजे जुनं कपाट नव्याचं गिऱ्हाईक पळवत नव्हतं. जुनं विकलं जाईल या भरवशावर लोक नवं घेत होते. अमरावतीचा खप माझ्या सगळ्या गावांत सर्वांत जास्त का, याचं उत्तर मला तीन वर्षांनी त्या दुकानातल्या स्टुलावर बसून मिळालं.

तरी पत्राचं काय, हा प्रश्न होताच. मी रात्री अकोल्याला घरी गेलो आणि सकाळच्या एसटीने हिवरखेड गाठलं.

गवईबाईंची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती. वय पंचविशीच्या आत, पांढरं सुती पातळ, बोलणं मोजकं. माहेर बडनेऱ्याचं. वडील रेल्वेत गँगमन होते, आता लेकीजवळ राहायला आले होते. त्या मला घरी घेऊन गेल्या. दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली टेबलावर चावीचा ग्रामोफोन. तो वडिलांनी रेल्वेच्या एका साहेबाच्या लिलावात घेतला होता. शेजारी वीस-पंचवीस रेकॉर्डी उभ्या लावलेल्या, आणि जवळजवळ प्रत्येक पाकिटावर वानखड्यांचं खडूचं अक्षर.

मला आश्चर्य वाटलं. मी विचारलं, तुम्ही जुन्याच रेकॉर्डी घेता?

त्या म्हणाल्या, ट्रेनिंग कॉलेजात असल्यापासून. नवी परवडायची नाही. नोकरी लागल्यावर पहिल्यांदाच एक नवी घेतली, बाबांसाठी. बाबांनी आयुष्यात कुठलीच वस्तू पहिल्या हाताची वापरली नव्हती, सायकलपासून कोटापर्यंत.

मी विषय वानखड्यांवर आणला. त्यांनी फसवलं असेल तर तसं लिहून द्या, कंपनी कडक कारवाई करेल, असं सांगितलं.

त्यांनी माझ्याकडे नापास मुलाकडे पाहावं तसं पाहिलं. "तुम्ही माझं पत्र नीट वाचलंत का? मी दुकानदाराविरुद्ध लिहिलेलंच नाही. मी तुमच्याकडून खुलासा मागितलाय."

मी पत्र खिशातून काढून पुन्हा वाचलं. खरंच होतं. आम्ही दोघांनी, साहेबांनी आणि मी, आम्हाला हवं होतं तेच त्यात वाचलं होतं.

मग त्यांनी ती रेकॉर्ड आणली. मी ती उजेडात धरली. खाचा जेमतेम करड्या दिसल्या. मी म्हणालो, दिवाळीपासून घरी वाजवली तर नवीही एवढी घासतेच.

"खाचा नका पाहू, लेबल पाहा," त्या म्हणाल्या.

रेकॉर्डीच्या मधोमध भोक असतं आणि मशीनवर एक खिळा. रेकॉर्ड ठेवताना भोक नेमकं खिळ्यावर बसत नाही, एकदोनदा चुकतं. तेव्हा खिळ्याचं टोक लेबलाच्या कागदावर घासून केसासारखी बारीक रेघ उमटते. नव्या रेकॉर्डीच्या लेबलावर अशी एकही रेघ नसते. या लेबलावर भोकाभोवती पन्नास तरी असतील, आणि बाईंनी त्या घरी आणल्या दिवशीच, वाजवण्याआधी पाहिल्या होत्या. तीन वर्षं त्या धंद्यात असून हे मला एका गिऱ्हाइकाने शिकवलं.

"आणि ही खूण कसली ते मला कळलं नाही," असं म्हणत त्यांनी लेबलाच्या कडेला बोट ठेवलं.

तिथे निळ्या पेन्सिलीची बारीकशी फुली होती.

मला ती कळली. माझीच होती. सॅम्पल वाजवताना कोणती बाजू आधी लावायची हे लक्षात राहावं म्हणून मी चांगल्या बाजूच्या लेबलावर निळी फुली करायचो. माझ्याशिवाय हे कोणी करत नव्हतं.

आता सगळं आठवलं. दिवाळीच्या फिरतीत अमरावती शेवटचं गाव होतं. वानखड्यांनी या रेकॉर्डीचे सहा नग मागितले होते, डेपोतून आले पाच. सहावा मी माझ्या पेटीतून दिला. त्याआधी तो मलकापूरपासून प्रत्येक दुकानात वाजला होता. यात मी वेगळं काही केलं नव्हतं. सॅम्पल परत आणू नका, शेवटच्या दुकानाच्या ऑर्डरीत घालून टाका, अशी डेपोची तोंडी सूचनाच होती. त्यासाठी कोऱ्या पाकिटांचा एक गठ्ठाही मिळायचा. आम्ही सगळे सेल्समन तसंच करायचो आणि त्यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

गप्प राहता आलं असतं. फुलीबद्दल माहिती नाही म्हटलं असतं तर कोणाला कळणार नव्हतं. पण त्या वाट पाहत उभ्या होत्या आणि शाळेतल्या बाईंसमोर खोटं बोलण्याची सवय मला लहानपणापासून नव्हती. मी सांगून टाकलं.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी रेकॉर्ड परत पाकिटात घातली. मग म्हणाल्या, "मी जुनी घेते तेव्हा जुनी म्हणून घेते. त्यात मला कमीपणा नाही वाटत. पण नव्याचे पैसे घेऊन तुम्ही जुनी दिलीत, आणि संशय मात्र वानखड्यांवर घेतलात."

आतापर्यंत दारात बसून ऐकणारे त्यांचे वडील आत आले.

"मले तं आवाज चांगला वाटला," ते म्हणाले. "मीनं तं दिवाळीपासून शंभरदा वाजोली. आता घासली तं माह्यानंच घासली."

बाई हसल्या, मग मीही हसलो. मी रेकॉर्ड बदलून देण्याची तयारी दाखवली. वडिलांनी ती देण्याचं साफ नाकारलं, त्यांना ती सवयीची झाली होती. शेवटी बाईंनीच तोड काढली. रेकॉर्ड राहील, पण वानखड्यांच्या कपाटातल्या 'बरी'च्या भावाने. वरचे पैसे मी परत करायचे. ते मी तिथेच, माझ्या खिशातून दिले. त्यांनी मला रीतसर पावती लिहून दिली आणि चहा दिला. हा मात्र मी घेतला.

परतीच्या एसटीत मी रिपोर्टचा विचार करत होतो. साहेबांनी मागितलेलं कारण मिळालं नव्हतं. जे मिळालं होतं ते त्यांच्याच सूचनेपाशी जाऊन पोचत होतं. अकोल्यात बायकोला सांगितलं. ती म्हणाली, जे त्या बाईला सांगितलं तेच साहेबाला सांगा, दोन वेगळ्या गोष्टी लक्षात ठेवण्याइतकी तुमची स्मरणशक्ती नाही.

कर्णिकसाहेबांनी रिपोर्ट उभ्याने वाचला, मग बसून वाचला.

"मी तुम्हाला काय आणायला सांगितलं होतं?"

"एजन्सी बंद करायचं कारण, साहेब. तसं काही सापडलं नाही."

"एका सॅम्पलसाठी एवढं लिहायची गरज होती?"

मी म्हणालो, एक नाही. आम्ही चार सेल्समन, दर महिन्याला चार सेट. मग धीर करून मनात आलेला प्रश्न विचारला. सॅम्पलवर गाणाऱ्याला रॉयल्टी लागते का?

साहेबांनी वर पाहिलं. लागत नव्हती. सॅम्पल म्हणजे जाहिरातीचा नग, तो विकण्यासाठी नसतो, म्हणून त्याची रॉयल्टी धरतच नाहीत. आणि आम्ही तो पूर्ण किमतीला विकत होतो. वानखड्यांकडच्या जुन्या रेकॉर्डीवर गाणाऱ्याला निदान पहिल्यांदा तरी काही मिळालेलं असायचं. आमच्या सॅम्पलवर त्याला कधीच काही मिळालं नव्हतं.

साहेबांच्या हे लक्षात यायला एक मिनिट लागला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या गाणाऱ्याने खायचं काय, हा त्यांचा प्रश्न त्या वेळी मी त्यांना परत विचारला नाही. त्याची गरज नव्हती, तो त्यांना आठवला असावा.

"जा तुम्ही," ते म्हणाले. मी गेलो. आठ दिवस मला वाटत होतं, एजन्सीऐवजी माझी नोकरीच बंद होणार.

दहाव्या दिवशी डेपोतून सर्क्युलर आलं. माझ्या रिपोर्टचा त्यात उल्लेख नव्हता. यापुढे प्रत्येक सॅम्पलच्या लेबलावर शिक्का मारावा. फिरती संपल्यावर सॅम्पल नवं म्हणून विकू नये, कमी भावात, वापरलेलं असं सांगून विकावं. विकलेल्या प्रत्येक नगाची रॉयल्टी धरावी. शेवटची ओळ साहेबांनी स्वतः शाईने वाढवली होती. असा माल जुन्या रेकॉर्डी ठेवणाऱ्या दुकानदारालाच द्यावा.

माझ्या हद्दीत असा दुकानदार एकच होता.

म्हणजे ज्या कपाटासाठी वानखड्यांची एजन्सी जाणार होती, त्या कपाटाला आता कंपनीच माल पुरवू लागली. पहिला शिक्क्याचा सेट घेऊन मी अमरावतीला गेलो, तेव्हा वानखड्यांना सगळं सांगितलं आणि संशयाबद्दल माफी मागितली. त्यांनी ती मान हलवून घेतली. मग त्यांनी प्रत्येक सॅम्पल दारातल्या उजेडात धरलं, दोन्ही बाजू वाजवल्या आणि भाव पाडून मागितला. मी म्हणालो, निदान कंपनीच्या मालाला तरी सवलत द्या.

"कंपनीचा असो का कोनाचा असो," ते म्हणाले, "जुना थो जुना."

माझी बढती दोन वर्षं उशिरा झाली. कर्णिकसाहेबांनी ती अडवली असं मी म्हणत नाही, पण घाईही केली नाही. पुढे मी स्वतः डेपो मॅनेजर झालो. माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या सेल्समनला मी पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगायचो. गिऱ्हाइकाचं पत्र दोनदा वाचा. आणि माल कितीही वापरलेला असो, किंमत सांगण्याआधी ते सांगा. नंतर सांगितलं तर खुलासा करण्यासाठी हिवरखेडला जावं लागतं.