अण्णांचे वावळ

बार्शीहून पुण्याची पहिली गाडी पकडायची म्हणजे आमच्याकडे आदल्या संध्याकाळपासून धावपळ. या वेळी मात्र मी माहेरपणाला निघाले नव्हते, कामगिरीवर निघाले होते. माझा भाचा अभय हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकावर काम करतो. मोबाइलवर आलेला फोन उचलायला पैसे पडायचे, ते नुकतेच बंद झाले होते, त्यामुळे तो आता ऐसपैस बोलतो. "आत्या, बाबांना तूच समजाव. त्यांची वेगळी रूम रेडी आहे फ्लॅटमध्ये. एकटे राहतात, मला सॉलिड टेन्शन येतं."

बाबा म्हणजे माझे थोरले भाऊ, अण्णा. वहिनी गेल्यापासून नारायण पेठेतल्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. माघात टेकडीवर चक्कर येऊन पडले आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. तरी घर सोडायचं नाव काढत नाहीत. कारण काय, तर एक झाड.

दुपारी पोहोचले तेव्हा अण्णांनी खिचडी टाकली होती. चार घास खाऊन मी सवयीने खिडकीशी गेले. समोर नवी पाच मजली इमारत, खाली स्कूटरची रांग. या जागी वावळ होता. वावळाला चैत्रात पापड्या येतात (मधे बी आणि भोवती कागदासारखा पंख), त्या वाऱ्याबरोबर आमच्या खिडकीतून थेट जेवणाच्या पानात यायच्या. आई वैतागायची. आम्ही त्या सोलून आतलं बी खायचो. त्याचं पान चुरगाळलं तर असा उग्र वास सुटतो की विचारू नका. अण्णा ते पान मुठीत चोळून माझ्या नाकाशी धरायचे आणि मी आळीभर त्यांच्या मागे पळायचे. इमारतीच्या पायासाठी तो वावळ पाडला. शेवटच्या चैत्रात अण्णांनी त्याच्या पापड्या वेचून डब्यांत रोपं केली. त्यांतलं एकच जगलं, ते त्यांनी टेकडीवर लावलं.

"ते मार्गी लागलं की येतो म्हणावं अभयला," अण्णा म्हणाले.

"आणि तोवर?"

"तोवर त्याने माझी खोली भाड्याने द्यावी."

अण्णांशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी विषय सोडला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फिरायला काढलं. नोकरीतून सुटल्यापासून त्यांनी शहरातले उरलेले वावळ हेरून ठेवले आहेत, एखाद्याने उपवर मुली हेराव्यात तसे. पहिला कसबा पेठेत. तांबटांचे ठोके ऐकत, हातगाड्या चुकवत आम्ही बोळात शिरलो. पत्र्याच्या ट्रंका आणि चाळण्या विकणाऱ्या एका दुकानाच्या मागे तो उभा होता. राखाडी खोड, फांद्यांवर झुबकेच्या झुबके पापड्या. मालक शेखभाई अण्णांना पाहताच उठले.

"या अण्णासाहेब. तब्येत कशी आहे आपली? आणि या ताई?"

"बहीण. बार्शीहून मला उचलून न्यायला आली आहे."

शेखभाईंनी चहा आणि खारी मागवली. चहात एक पापडी येऊन पडली, ती त्यांनी बोटाने काढून टाकली.

"कचरा फार होत असेल तुम्हाला," मी म्हटलं.

"होतो की! दोन महिने प्रत्येक चाळण झाडूनच द्यावी लागते. पण तोडायचं कशाला? भाडेकरू थोडाच आहे, हुसकून लावायला?"

अण्णा मोठ्याने हसले. ते स्वतः त्या दोन खोल्यांत जन्मभर भाडेकरूच आहेत. मला त्या बोळातून निघवेना. लहानपणी गुढीपाडव्याआधी आईबरोबर याच बाजूला तांब्याचा गडू घ्यायला यायचे, आणि आवाज, गर्दी, वास, सगळं जसंच्या तसं होतं. आपलं गाव आपल्याला ओळखतं आहे असं वाटलं आणि उगाचच डोळे भरून आले.

रविवारी अभय आम्हाला फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. त्याच्या नव्या गाडीला मधल्या चौकात कुणी तरी मागून घासलं, म्हणून उरलेला रस्ताभर तो आरशातून मागच्या गाड्यांवर डोळे वटारत होता. हिंजवडीत काचेच्या इमारती उन्हात अशा चमकत होत्या की मी डोळ्यांवर पदर धरला. फ्लॅट खरंच छान आहे. अण्णांच्या खोलीत पलंग, पंखा, देवांसाठी कोनाडासुद्धा. खिडकीतून मात्र नुसतं आभाळ दिसत होतं.

अण्णांनी आढ्यापासून जमिनीपर्यंत पाहिलं. "उत्तम. आजारी पडायला फार सोयीची."

अभयचा चेहरा पडला. मला त्याचीच दया आली. पोराने जीव ओतला होता.

खाली उतरलो तर कंपनीच्या बस थांबतात तिथे अण्णांना एक वावळ दिसलाच. त्याच्या बुंध्याशी एक बाई पेरू आणि काकड्या घेऊन बसल्या होत्या. मी विचारलं, "मावशी, हे झाड तुमचं का?"

"आमच्या बांधावरचं हाय. वावर गेलं रस्त्यात, ह्ये राह्यलं. आता पोरं हितं बसची वाट बघत्यात." त्यांनी काकडी चिरून तिखटमीठ लावून दिली. अण्णांनी खाता खाता खोडावर हात फिरवला आणि घराकडे परतेपर्यंत त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

निघायच्या आदल्या सकाळी अण्णा पडल्यानंतर प्रथमच टेकडीवर निघाले, आणि मी हट्टाने बरोबर गेले. हळूहळू, दर वळणावर बसत. पाण्याचा कॅन मी घेतला होता. पुण्यात सकाळी टेकडी चढणारी मंडळी घरून पाण्याच्या बाटल्या आणतात आणि वाटेवरच्या रोपांना घालतात. अण्णा पडले तेव्हा त्यांना यांनीच खाली आणलं होतं, आणि झाडाची काळजी करू नका असं प्रत्येकाने बजावून सांगितलं होतं.

रोप माझ्या खांद्याएवढं होतं, पण त्याची पानं पिवळी पडून लोंबत होती. आळ्यात पाणी साचून चिखल झाला होता. आम्ही पाहत होतो तोवर एक बाई आल्या आणि त्यांनी अख्खी बाटली त्यात ओतली.

"काका, एक दिवस कोरडं ठेवलं नाही हं तुमचं झाड!"

"दिसतंय," अण्णा म्हणाले.

मग माझ्या लक्षात आलं. दुसऱ्याने पाणी घातलं असेल यावर विसंबणं पुणेकराच्या रक्तात नाही. टेकडीवर येणारा प्रत्येक जण आपल्यावरच भिस्त आहे असं समजून रोज ओतत होता. वावळ हे कोरड्या माळाचं झाड, ते प्रेमाने बुडत होतं.

अण्णा मातीत बसले. काटकीने आळं फोडून त्यांनी पाण्याला वाट करून दिली. नखाने खोडाची साल किंचित खरवडली. आत हिरवं होतं. त्यांनी चिखल मुठीत घेऊन वास घेतला, हात झटकले आणि त्या बाईंना, मागून आलेल्या आणखी दोघांना, अगदी अजीजीने म्हणाले, "मूळ अजून शाबूत आहे. आता पावसाळ्यापर्यंत कुणी थेंबसुद्धा घालू नका. मीही घालणार नाही. खाली शोधू दे त्याला त्याचं पाणी."

अण्णांना कुणाची विनवणी करताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. भरलेला कॅन मी तसाच परत उचलला.

उतरताना ते म्हणाले, "वसू, अभयला सांग, येतो म्हणावं."

"कुठे?"

"हिंजवडीला. आणखी कुठे?"

"अहो, पण घाई काय आहे? पावसाळा तरी जाऊ दे."

"आता इथे बसून करू काय? पाणी घालायचं नाही, एवढंच काम उरलंय. ते तिथूनही होईल." ते थांबले. "तू मला न्यायलाच आली होतीस ना?"

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझी ओटी भरली. वहिनी गेल्यापासून हे काम तेच करतात, तांदूळ निम्मे खाली सांडतात. त्या घरातली ही शेवटची ओटी हे दोघांनाही ठाऊक होतं. मी वाकले तर ते म्हणाले, "दिवाळीला तिकडे ये. लिफ्ट आहे." मी हसले आणि रडलेही, आणि त्यांनी माझी पिशवी उचलून माझ्या आधी जिना उतरायला घेतला.

शहर मागे पडून दौंडच्या बाजूचा उजाड मुलूख लागेपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिले. एरवी परतीच्या गाडीत मी पुढच्या खेपेचे बेत करते. कोणत्या सणाला यायचं, अण्णांसाठी कोणती चटणी आणायची. या वेळी एकही बेत सुचेना. बार्शीला घरी पोहोचले तेव्हा अभयचा फोन आधीच येऊन गेला होता. नारायण पेठेतलं माझं माहेर मी स्वतःच्या हाताने आवरून आले होते, आणि त्याबद्दल त्याने घरातल्या प्रत्येकाशी बोलून माझे आभार मानले होते.